कागदाची कड

दिवाळीच्या आधी चार दिवस बहुतेक घरांतून एक काम हमखास चालू असते. करंजी भरून, दुमडून, कड दाबून झाली की घरातले एखादे पोर कातणे हातात धरून टपलेलेच असते. पितळेचे ते दातेरी चाक कडेवरून फिरले म्हणजे करंजीला सुरेख काठ येतो आणि पोळपाटावर पिठाची एक वेडीवाकडी फीत गळून पडते. ही फीत कोणी टाकून देत नाही. साऱ्या फिती गोळा करून पुन्हा मळतात आणि शेवटच्या दोनचार करंज्या त्या कातरणातूनच होतात. त्या जरा चिवट होतात, हा भाग वेगळा.

हातकागदाविषयी लिहायला बसलो आणि पहिली आठवण झाली ती या कातरणाची. कारण जुन्नरचा किंवा दौलताबादचा कागदी कागद तयार झाल्यावर शेवटी जे करी ते अगदी हेच. ताव वाळला, खळ लागली, घोटून गुळगुळीत झाला, की त्याच्या कडा कापून तो सारखा करायचा आणि ती कातरण परत लगद्यात टाकायची. या कापून टाकलेल्या कडेला पुढे विलायतेत एवढा मान आला की ती शाबूत असलेल्या पुस्तकासाठी शौकीन लोक जादा पैसे मोजू लागले. टाकाऊ गोष्ट मिरवण्याची कशी झाली, आणि ती कापण्याच्या नादात आपण काय काय गमावले, हे सांगण्यासारखे आहे. त्यात माझ्या घरचेही एक दुखणे आहे. ते ओघाने येईलच.

प्रथम ही कड येते कशी ते पाहू. कागद म्हणजे पाण्यात तरंगणारे तंतू चाळणीवर धरून केलेला पातळ थर. चिंध्या, गोणपाट, जुने दोर, मासे धरण्याची निकामी जाळी, जे काही तंतुमय हाताशी असेल ते भिजवून, चुन्यात मुरवून, कुटून त्याचा लगदा करतात. हौदात भरपूर पाण्यात कालवला म्हणजे तो पातळ ताकासारखा दिसतो. कारागीर साचा त्यात बुडवतो, आडवा धरून वर उचलतो, आणि उचलता उचलता पुढेमागे व डावीउजवीकडे हलकेच हिसके देतो. पाणी खाली गळते, तंतू वर एकमेकांत गुंततात आणि ताव तयार होतो. युरोपातल्या साच्यावर याखेरीज एक सुटी लाकडी चौकट बसवलेली असते. लगदा बाजूंनी वाहून जाऊ नये म्हणून तिची योजना. तिला डेकल म्हणतात. मूळ जर्मन शब्दाचा अर्थ झाकण. पण चौकट कितीही घट्ट दाबून धरली तरी तिच्याखालून थोडा लगदा झिरपतोच. तो वाळला की कागदाच्या चारी बाजूंना पातळ, झिरझिरीत, कुठे पुढे आलेली तर कुठे मागे सरलेली अशी कड तयार होते. भाकरी थापताना तिची कड परातीत आपोआप चिरते ना, तशी. कारागिराने ती मुद्दाम केलेली नसते. त्याला ती टाळता येत नाही, एवढेच.

आपल्याकडे ही कला आली ती समरकंद-बगदादच्या वाटेने. चीनमध्ये इ. स. १०५ मध्ये त्साय लुन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने बादशहापुढे कागदाची कृती ठेवली, असे तिथला जुना इतिहास सांगतो. ७५१ मध्ये तलास नदीकाठच्या लढाईत अरबांच्या हाती लागलेल्या चिनी कैद्यांनी समरकंदला हा धंदा सुरू केला, ही कथाही फार जुनी आहे. या प्रवासाच्या खुणा आपल्या बोलण्यात अजून आहेत. 'कागद' हा शब्द फारसीतून आलेला. 'दस्ता'ही फारसी, दस्त म्हणजे हात, आणि चोवीस तावांचा, हातात धरता येईल असा गठ्ठा तो दस्ता. गंमत अशी की ज्याला आपण इंग्रजी समजतो तो 'रीम' शब्द मूळचा अरबी 'रिज्मा', स्पेनच्या वाटेने विलायतेत गेलेला.

दौलताबादहून खुलताबादकडे जाताना वाटेत कागजीपुरा नावाचे गाव लागते. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला हलवली, तेव्हा लवाजम्याबरोबर कागद करणारेही आले आणि इथे वसले, अशी तिथली परंपरा आहे. कुकडीकाठचे जुन्नर हे दुसरे ठिकाण. पुण्यात कसबा पेठेत कागदीपुरा म्हणून वस्तीच होती. पेशव्यांच्या कारभाराला कागद किती लागत असेल याची कल्पना यायची तर पुण्याच्या पुराभिलेखागारात एकदा जाऊन रुमालांत बांधलेल्या दप्तरांच्या रांगा पाहाव्यात. त्यांत दौलताबादी आहे, जुन्नरी आहे. एखादा बंद उलगडताना अडीचशे वर्षांपूर्वी शाई टिपण्यासाठी टाकलेली वाळू अजून बोटांना लागते. कागद मात्र मऊ आणि चिवट, जुन्या लुगड्यासारखा.

हा कागद करणारा कारागीर जमिनीतल्या हौदाच्या काठावर उकिडवा बसे. त्याचा साचा युरोपातल्या साच्याहून निराळा. लाकडी चौकटीवर एक सुटी छपरी पसरायची. गवताच्या बारीक काड्या घोड्याच्या केसांनी गुंफून केलेली ही छपरी देवघरातल्या चिकाच्या पडद्यासारखी गुंडाळता येते. ती जागेवर राहावी म्हणून दोन्ही बाजूंना एकेक काठी दाबून धरायची. ताव उचलला की काठ्या काढून छपरी उलटी टाकायची आणि ताव आधीच्या तावावर अलगद सोडायचा. युरोपात दोन ओल्या तावांच्या मध्ये लोकरीचा तुकडा घालीत. आपल्याकडे तावावर ताव, मध्ये काही नाही, आणि तरीही ते एकमेकांना चिकटत नसत! मग दगडाखाली दाबून पाणी काढायचे, एकेक ताव सोडवून भिंतीवर चिकटवून वाळवायचा, तांदळाची किंवा गव्हाची खळ द्यायची आणि अकिकाच्या दगडाने घोटायचा. खळ आणि घोटणी नसेल तर बोरूची शाई टिपकागदावर पडल्यासारखी फुटते. घोटताना कड आड येते, लिहिताना आड येते, दप्तर बांधताना आड येते. म्हणून ती कापायची. कागद्याच्या लेखी कड म्हणजे पुढच्या तावाचा कच्चा माल.

पण कागद कापून सारखा केला तरी त्याची कड कायमची तशी राहत नाही, हे लिहिणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. मठातून मठात ग्रंथांच्या नकला जाव्यात ही समर्थांची तळमळ, आणि तीपायी त्यांनी बोरूपासून शाईपर्यंत सगळ्याचा बारकाईने विचार केला आहे. त्यात एक सूचना अशी की पानाच्या भोवती चारी बाजूंनी जागा मोकळी सोडावी आणि मजकूर मधे लिहावा; म्हणजे कागद कडेने झडला तरी झडू दे, अक्षराला धक्का लागता कामा नये. समास म्हणजे शोभा, असे आपण समजतो. समर्थांच्या हिशेबी समास म्हणजे काळाला आगाऊ देऊन ठेवलेली जागा. हा विचार मला फार व्यवहारी आणि फार थोर वाटतो.

आपल्या पोथीला तर शिवणच नसे. सुटी पाने, वर-खाली लाकडी फळ्या, भोवती बासन. एखादे अक्षर चुकले तर त्यावर पिवळी हरताळ फासून वर पुन्हा लिहायचे; 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार तिथलाच. पोथी बांधणारा नाही, म्हणून पोथी कापणाराही नाही. तिच्या कडा झिजल्या त्या वाचणाऱ्यांच्या बोटांनी. बाड मात्र शिवलेले असे. धुळ्याला शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगाव हिंडून जमवलेली रामदासी बाडे वाग्देवता मंदिरात आहेत. त्यांच्या समासांत कुठे पाठभेद, कुठे आरतीची सुरुवात, कुठे उधारीचा आकडा. मधला मजकूर ग्रंथकाराचा, समास घरच्यांचा, अशी जणू वाटणीच झालेली असे.

आमच्या घरी असेच एक बाड होते. म्हणजे अजूनही आहे. पणजोबांच्या हातचे. ते वतनाचे कागद लिहीत आणि फावल्या वेळी अभंग, औषधे, लग्नाच्या याद्या असे काहीबाही उतरून ठेवीत. कागद घरात जुन्नरीच म्हणून ओळखला जाई. त्याच्या कडा कोणी धड कापलेल्या नव्हत्या. कुठे मूळची झिरझिरीत कड राहिलेली, कुठे उंदराने चाखलेली. उजवीकडच्या समासात त्यांनी घरातले जन्म आणि मृत्यू नोंदवले होते. तिथी, वार आणि शक, तीनच गोष्टी, बारीक मोडीत, पार कडेपर्यंत.

वीसेक वर्षांपूर्वी या बाडाची शिवण सुटली. मी ते एका बाइंडरकडे नेले आणि "जुजबंदी करून नीट बांधून द्या" म्हणालो. याहून अधिक काही सांगावे हे मला सुचले नाही. आठ दिवसांनी ते हाती आले तेव्हा खरोखर देखणे दिसत होते. पाठीला कापड, पुठ्ठ्याला अबरी, आणि तिन्ही बाजू यंत्राखाली घालून सुरीने कापाव्यात तशा सरळ. "कडा फार खराब होत्या, कटिंग मारून दिलंय," तो कौतुकाने म्हणाला. मी पैसे दिले, आभारही मानले. घरी येऊन उघडले तेव्हा कळले की कडेबरोबर बोटभर समासही गेला आहे. प्रत्येक नोंदीचे शेवटचे अक्षर, कुठे शेवटचा आकडा, नाहीसा झाला होता. कातरण मागायला दुसऱ्या दिवशी धावत गेलो. ती रद्दीत गेली होती.

त्या माणसाला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या धंद्याने जगभर हेच केले आहे. आता थोडे समुद्रापलीकडे जाऊ, कारण या कडेचे खरे नशीब तिकडेच पालटले.

युरोपात छापलेले ताव दुमडून पुस्तक होई. एकदा दुमडला तर फोलिओ, दोनदा तर क्वार्टो, तीनदा तर ऑक्टाव्हो. दुमडलेल्या घड्या उघडण्यासाठी आणि बाहेरची खरबरीत कड घालवण्यासाठी बाइंडर पुस्तक शिकंज्यात धरून रंध्यासारख्या हत्याराने कापी. पुस्तक पुन्हा बांधायला आले की पुन्हा कापी. दोनशे वर्षांत तीन वेळा बांधलेले पुस्तक मांजराने दूध चाटावे तसे चहूकडून आटत जाई. विल्यम ब्लेड्स नावाच्या इंग्रज मुद्रकाने १८८० मध्ये पुस्तकांच्या शत्रूंवर एक पुस्तक लिहिले. त्यात आग, पाणी, धूळ, वाळवी यांच्या पंगतीला त्याने बाइंडरांसाठी एक अख्खे प्रकरण मांडले आहे. अठराव्या शतकातल्या द रोम नावाच्या नामांकित फ्रेंच बाइंडराची त्यात हकीकत आहे. माणूस भला, पण समास कापण्याचे व्यसन असलेला. फ्रॉइसारच्या इतिहासाची चर्मपत्रावरची एक उत्तम प्रत, जीवर द तू या प्रसिद्ध ग्रंथप्रेमी विद्वानाची सही होती, तीही त्याच्या सुरीतून सुटली नाही. हे प्रकरण वाचताना माझ्या बाडाचे दुःख थोडे हलके झाले, हे कबूल करतो. मोठ्यांच्या घरीही चोरी झाली म्हणजे आपल्या घरची जरा सोसते.

याच कारणाने न कापलेल्या कडेला पहिला मान मिळाला तो अभ्यासकांकडून. पानाची मूळ कड शाबूत आहे, याचा अर्थ या पानातून काहीही गेलेले नाही. ताव केवढा होता, तो किती वेळा दुमडला, समास किती होता, हे सारे ती सांगते. ती एक प्रकारची साक्ष होती. सौंदर्याचा प्रश्न अजून आलाच नव्हता.

तो आणला यंत्राने. १७९९ मध्ये लुई निकोला रोबेर या फ्रेंच माणसाने कागदाचा अखंड पट्टा काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. इंग्लंडात फूर्द्रिनिए बंधूंनी भांडवल घालून ते वाढवले आणि त्यात स्वतःचे दिवाळे काढले. शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक कागद यंत्राचा होऊ लागला होता. पुढे चिंध्यांऐवजी लाकडाचा लगदा आला, कागद स्वस्त झाला, शाळा-वर्तमानपत्रे वाढली. हे काही थोडे पुण्य नव्हे. पण तो कागद पन्नास वर्षांत पिवळा पडून पापडासारखा मोडू लागला. आणि त्याची कड सरळ होती, अगदी दोरी लावल्यासारखी. सरळ कड स्वस्त झाली त्या दिवसापासून वाकडी कड महाग झाली.

विल्यम मॉरिस या कवी-कारागिराने १८९१ मध्ये लंडनजवळ हॅमरस्मिथला केल्मस्कॉट प्रेस सुरू केला तो या लाटेचा कळस. त्याला पंधराव्या शतकातल्या इटालियन कागदासारखा निव्वळ तागी चिंध्यांचा कागद हवा होता. केंटमधल्या जोसेफ बॅचलर या कागद करणाऱ्याने तो करून दिला. मॉरिस स्वतः त्याच्या कारखान्यात गेला तेव्हा त्याने साचा हातात घेऊन एखादा ताव उचलून पाहिला. १८९६ मध्ये त्याच्या छापखान्यातून चॉसरची समग्र कविता बाहेर पडली. बर्न-जोन्सची ८७ चित्रे, कागदावर ४२५ प्रती आणि चर्मपत्रावर १३. कागदी प्रतीची किंमत २० पौंड. मॉरिस समाजवादी होता, कामगारांच्या सभांतून भाषणे करी. त्याचे पुस्तक विकत घेणे मात्र कोणाही कामगाराच्या आवाक्यात नव्हते.

या विसंगतीवर तीनच वर्षांनी थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने बोट ठेवले. श्रीमंतांच्या उधळपट्टीवरच्या आपल्या १८९९ च्या ग्रंथात त्याने केल्मस्कॉटच्या पुस्तकांनाच उदाहरण म्हणून धरले. खरबरीत कडा, अवाढव्य समास, न फोडलेली पाने. वाचायला गैरसोयीचे, आणि म्हणूनच प्रतिष्ठेचे, असा त्याचा टोला. तो बराचसा लागूही आहे. मॉरिसच्या मागून आलेल्या प्रकाशकांनी यंत्राच्या कागदाला पाण्याच्या धारेने मुद्दाम फाटकी कड आणण्याची युक्ती काढली. यंत्राने हाताची चूक शिकून घेतली! तरीही मला व्हेब्लेन अर्धाच पटतो. मॉरिसचा कागद आज सव्वाशे वर्षांनंतर तसाच आहे, आणि त्या काळच्या स्वस्त आवृत्त्या हातात चुरा होतात. गैरसोय कडेत असेल, पण टिकाऊपणा त्या कडेमागच्या चिंध्यांत होता.

इकडे याच काळात आपला कागदी मात्र देशोधडीला लागला होता. सर चार्ल्स वुड १८५९ ते १८६६ या काळात भारतमंत्री होते. हिंदुस्थान सरकारने आपला कागद विलायतेतून घ्यावा, असा हुकूम त्यांच्या कारकिर्दीत निघाला. दप्तरखाना हेच ज्याचे मोठे गिऱ्हाईक, त्याचे गिऱ्हाईकच गेले. उरले ते हिशेबाच्या वह्यांचे. लक्ष्मीपूजनाला ज्या चोपड्यांवर आपण हळदकुंकू वाहतो, त्यांत पुढेही बराच काळ हातकागद होता. कोर्टात टिकायचा आणि नातवाने वाचायचा हिशेब मोडक्या कागदावर लिहायला व्यापारी तयार नव्हता.

१९३४ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि हातकागदाला पुन्हा कोणीतरी वाली मिळाला. के. बी. जोशी यांनी पुण्यात प्रयोग चालवले, आणि १९४० मध्ये तिथे हातकागद संस्था उभी राहिली. डार्ड हंटर हा अमेरिकन याच सुमारास हिंदुस्थानात हिंडून कागद्यांची हत्यारे, त्यांचे हौद, त्यांची बसण्याची तऱ्हा टिपून गेला. त्याचा ग्रंथ १९३९ मध्ये न्यूयॉर्कला छापला गेला. आपल्या कारागिराचे इतके बारीक वर्णन परक्याने करावे, याची मला जरा लाजच वाटते.

आता दिवाळीत भेटकार्डे येतात, मुलांना सुंदर वह्या येतात, लग्नाच्या पत्रिका येतात, आणि पुष्कळदा त्यांची कड झिरमिळ्यांची असते. ती खरी की खोटी हे ओळखणे सोपे आहे. पान उजेडासमोर धरावे. खरी कड हळूहळू पातळ होत जाते, ओहोटीच्या वेळच्या पाण्यासारखी. खोटी कड पट्टी धरून, ओल्या कुंचल्याची रेघ ओढून फाडलेली असते; ती शेवटपर्यंत सारख्या जाडीची राहते आणि मग एकदम संपते. मुलांना हा खेळ फार आवडतो. आमच्या घरी पत्रिका आली की नातवंडे आधी ती दिव्यासमोर धरतात आणि मग नावे वाचतात.

आणि जुने काही बांधायला देणार असाल, तर बाइंडरला दोनच शब्द सांगा: "कापू नका." कागदावर लिहून द्या, म्हणजे विसरणार नाही.

आमच्या बाडात पणजोबांची एक नोंद आहे. मुलगी झाली, आश्विन वद्य त्रयोदशी, शके १८२, आणि तिथे कागद संपतो. ती मुलगी म्हणजे माझी आजी. चौथा आकडा कापला गेला. आधी तो मी अनेकदा पाहिला होता. पण बाड घरातच आहे, कुठे जाणार, म्हणून कधी टिपून ठेवला नाही. शके १८२० म्हटले तर १८९८, शके १८२९ म्हटले तर १९०७. आत्या सांगे, आजी गेली तेव्हा पंचाहत्तरीची होती. आई म्हणे, छे, ऐंशी उलटून गेली होती. दोघीही आता नाहीत. दर धनत्रयोदशीला दिवा लावताना घरात कोणीतरी म्हणतेच, आज आजीचा वाढदिवस. कितवा, हे कोणी विचारत नाही.